पानाचा वास, पानाविना

आपल्याकडे सुगंधाची चर्चा निघाली की ती फुलांची होते, चंदनाची होते, फार तर वाळ्याची. पानाच्या वाट्याला मरवा-दवण्यापुरतीच जागा येते. पाश्चात्त्य सुगंधकलेत मात्र ‘हिरवा’ हा स्वतंत्र वर्ग आहे. जर्मेन सेलिए यांनी १९४७ साली बाल्मँसाठी केलेले ‘व्हाँ व्हेर’ हा त्यातला ठळक टप्पा. पुढे लहान, स्वतंत्र सुगंधगृहांनी ही वाट पुढे नेली. ओलिव्हिया जियाकोबेत्ती यांनी पॅरिसच्या दिप्तिकसाठी केलेले ‘फिलोसिकोस’ (१९९६) हे त्याचे उत्तम उदाहरण. विषय अंजिराचा, पण फळ नव्हे, झाड.

हिरवा वास हा मुळात जखमेचा वास. पान चुरगळले, गवत कापले की पेशी फुटतात आणि त्यांतल्या मेदाम्लांपासून हेक्सेनल, हेक्सेनॉल अशी हलकी संयुगे तयार होतात. हलकी, म्हणून चटकन उडणारी. जे या सुगंधाचे वैशिष्ट्य, तेच सर्वांत आधी निघून जाते.

अंजिराबाबत आणखी एक पेच आहे. त्याच्या पानांचा अर्क त्वचेला अपायकारक असल्याने आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने तो वर्ज्य ठरवला आहे. त्यामुळे पान रचावे लागते: स्टेमोनसारख्या कृत्रिम द्रव्याने त्याचा हिरवा कडवटपणा, नारळाच्या वासाच्या लॅक्टोनांनी चिकाचा दुधाळपणा.

‘फिलोसिकोस’ मनगटावर लावताच देठ मोडल्यासारखा कच्चा, तुरट वास येतो, मग चीक, शेवटी सीडरच्या लाकडाचा कोरडेपणा. पान, चीक, खोड हा क्रम द्रव्यांच्या उडण्याच्या वेगाशी नेमका जुळवला आहे. पान विरले तरी झाड उभे राहते. या कृतीची खरी बुद्धी इथे दिसते.

उणीव आहे ती मधल्या टप्प्यात. खोबरेल तेलावर वाढलेल्या नाकाला तो दुधाळपणा अंजिराकडे नेण्याऐवजी वेणीफणीकडे नेतो, आणि दमट हवेत तो अधिकच गोड होतो. २०१२ च्या ‘ओ द पार्फ्यूँ’मध्ये नेमका हाच भाग आणि लाकूड वाढले आहे. ते टिकते जास्त, पण पान मागे पडते. मूळचे ‘ओ द तॉयलेत’ काही तासांतच संपते, तरी सरस तेच.

अत्तराच्या दुकानात आपला पहिला प्रश्न असतो, ‘टिकतं किती?’ चंदनतेलावर उतरवलेल्या अत्तराला तो शोभतो. पानाला तोच विचारला, तर उत्तरादाखल लाकूडच हाती येणार.