भाड्याचा गालिचा

पर्यावरण राखूनही नफा कमावता येतो, असे सांगणारी पुस्तके आता पुष्कळ झाली आहेत. पॉल हॉकेन, अमोरी लोविन्स आणि हंटर लोविन्स यांचे १९९९ साली प्रसिद्ध झालेले 'नॅचरल कॅपिटॅलिझम' हे त्यांपैकी एक महत्त्वाचे पुस्तक. त्यात चार तत्त्वे मांडली आहेत: साधनसामग्रीची उत्पादकता अनेक पटींनी वाढवावी, उत्पादनाच्या पद्धती निसर्गाकडून शिकाव्यात, वस्तूऐवजी सेवा विकावी आणि नैसर्गिक भांडवलात गुंतवणूक करावी. यांतील तिसरे तत्त्व आम्ही येथे तपासणार आहोत.

हे तत्त्व आपल्याला नवे नाही. लग्नकार्याची मोठी पातेली आपण भाड्यानेच आणतो. पातेले जितकी वर्षे टिकेल तितका भांडीवाल्याचा फायदा, म्हणून तो जाड बुडाचेच घेतो. पातेली विकणाऱ्याला मात्र जुने खराब झाल्याशिवाय नवे गिऱ्हाईक मिळत नाही. उत्पादकानेच मालकी स्वतःकडे ठेवून भाडे घेतले तर टिकाऊ माल बनवण्यात त्याचाच स्वार्थ राहील, असा हा युक्तिवाद आहे.

पुस्तकातील याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातली इंटरफेस ही गालिचे बनवणारी कंपनी. रे अँडरसन यांनी ती १९७३ साली स्थापन केली. १९९४ साली हॉकेन यांचे आधीचे एक पुस्तक वाचून त्यांनी कंपनीची दिशा बदलली. त्यानंतर कंपनीने एक योजना आणली. कार्यालयांनी गालिचा विकत न घेता दरमहा भाडे द्यायचे. कंपनी चौकोनी तुकड्यांचा गालिचा अंथरणार, साफ करणार, वर्दळीने झिजलेले तेवढेच तुकडे बदलणार आणि जुने परत नेऊन त्यांचा पुनर्वापर करणार.

आराखडा म्हणून यात खोट काढणे कठीण आहे. व्यवहारात मात्र योजनेला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. याचे एक कारण साधे होते. बहुतेक कार्यालयांत गालिच्याची खरेदी एका खात्यातून होते, सफाईचा खर्च दुसऱ्या खात्यातून. दोन्हींची बेरीज कोणीच करत नसल्यामुळे दरमहाचे भाडे महाग वाटे. वस्तूचे सेवेत रूपांतर करताना लेखकांनी उत्पादकाच्या स्वार्थाचा विचार केला, पण गिऱ्हाइकाच्या हिशेबवहीचा पुरेसा केला नाही. हा या मांडणीतला मोठा उणेपणा होय.

कंपनीने प्रयत्न सोडले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. २०१९ साली तिने जाहीर केले, की १९९६ च्या तुलनेत तिच्या गालिचा-कारखान्यांतील हरितगृह वायूंचे उत्सर्जन ९६ टक्क्यांनी आणि गालिच्याचा कार्बनभार ६९ टक्क्यांनी घटला. हे यश मोठे आहे. पण ते आले कशातून? ऊर्जेचे स्रोत बदलले, पुनर्वापराचे नायलॉन वापरले, वाया जाणारा माल कमी केला. गालिचे मात्र पूर्वीप्रमाणे विकलेच जात राहिले. मग श्रेय व्यवसायाच्या प्रारूपाला द्यायचे, की रसायनशास्त्राला आणि अभियांत्रिकीला?

९६ आणि ६९ हे दोन आकडेही नीट पाहावेत. पहिला कारखान्याच्या भिंतींपुरता आहे. दुसऱ्यात इतरांनी बनवलेला धागा आणि त्यासाठीचा कच्चा मालही येतो. मोजणीची सीमा बदलली की आकडा बदलतो. शिवाय एका चौरस मीटरचा भार निम्मा झाला आणि विक्री दुप्पट झाली, तर पृथ्वीवरचा एकूण भार होता तेवढाच राहतो.

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. व्यवसायाचे शाश्वत प्रारूप हे एक गृहीतक आहे, सिद्धान्त नव्हे. प्रयोगशाळेत गृहीतक तपासताना आपण तुलनेसाठी दुसरा नमुना ठेवतो आणि फसलेल्या प्रयोगाचीही नोंद करतो. या विषयावरील लेखनात मात्र यशस्वी कंपन्यांच्या कहाण्या पुन्हा पुन्हा येतात, फसलेल्या योजना तळटीपेत जातात. अशा निवडक उदाहरणांवरून नियम काढणे म्हणजे उत्तीर्ण मुलांच्याच उत्तरपत्रिका पाहून शाळेचा निकाल ठरवणे.

तरीही पुस्तक टाकाऊ नाही. उद्योग आणि निसर्ग यांचा हिशेब एकत्र मांडायला त्याने शिकवले. पर्यावरणाच्या तासाला अशी यशोगाथा सांगताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तीन प्रश्न अवश्य विचारून घ्यावेत: घट कशाच्या तुलनेत झाली, मोजणी कोठपर्यंत केली, आणि एकूण भार कमी झाला का? गालिचा भाड्याचा असो वा मालकीचा, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्याला शाश्वत म्हणावे.