धनसार निकाल : एका सरकारी गद्याचे रसग्रहण

कायद्याचे गद्य पुन्हा पुन्हा आवडीने वाचावे, असे फार क्वचित होते. ‘मॅटर ऑफ धनसार’ हा निकाल मी तसा वाचतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयाने तो डिसेंबर २०१६ मध्ये दिला. अर्जदार ध्वनीच्या कित्येक पट वेगाने जाणाऱ्या यानांच्या इंजिनांवर काम करणारा संशोधक होता. त्याचा वैद्यकाशी काही संबंध नव्हता. तरीही आज ह्यूस्टन-बोस्टनच्या प्रयोगशाळांत कर्करोगावर नाहीतर मधुमेहावर काम करणारी आपली पोस्टडॉक मुलेमुली ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० अर्ज लिहितात, तेव्हा त्यांतल्या अनेकांची मांडणी याच निकालाच्या चौकटीत बसवलेली असते. माझे काम या देशाच्या हिताचे आहे, तेव्हा नोकरीची ऑफर आणि कामगार खात्याचे प्रमाणपत्र या अटी मला माफ करा, अशी ती मागणी. वकिलांच्या बोलीत ‘एनआयडब्ल्यू’, म्हणजे नॅशनल इंटरेस्ट वेव्हर; ती ईबी-२ या नोकरीवर आधारित वर्गात मोडते.

त्याआधी १९९८ चा, न्यूयॉर्कमधील पुलांच्या एका अभियंत्याबाबतचा निकाल प्रमाण मानत. प्रमाणपत्राची अट लावली तर देशहिताला बाधा येईल, असे त्यात दाखवावे लागे. स्वतःच अर्ज करणाऱ्या संशोधकाने हे सिद्ध करायचे तरी कसे? धनसार निकालाने ही अडचण मान्य केली, जुनी कसोटी बाजूला ठेवली आणि तीन प्रश्न विचारले. हाती घेतलेल्या कामाला खरे मोल आणि राष्ट्रीय महत्त्व आहे का? ते पुढे नेण्याची या माणसाची तयारी आहे का? आणि सगळे तोलून पाहता, अट माफ करण्यात देशाचा फायदा आहे का?

पहिल्या प्रश्नाचा रोख पेशावर नाही, नेमक्या कामावर आहे, हे मला या रचनेतले पहिले सौंदर्यस्थळ वाटते. ‘मी कर्करोग संशोधक आहे’ एवढ्याने इथे काही साधत नाही. कोणत्या गाठीतल्या कोणत्या पेशी औषधाला दाद देत नाहीत आणि ते शोधण्यासाठी मी पुढे काय करणार, हे सांगावे लागते. अर्जदार अध्यापनही करू इच्छित होता. निकालाने शिकवण्याचे मोल मान्य केले, पण त्याचा परिणाम त्याच्या वर्गापलीकडे पोचतो असे कागदपत्रांतून दिसत नाही, असे म्हणून राष्ट्रीय महत्त्व फक्त संशोधनाला दिले. रुग्णही तपासणाऱ्या संशोधकाने हा भाग सावकाश वाचावा. (डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात पाच वर्षे सेवा देणाऱ्यांसाठी कायद्यात वेगळी वाट आहे.)

दुसऱ्या प्रश्नाचे विवेचन मला सर्वांत आवडते. चांगली योजना आणि सक्षम माणूस असूनही अनेक नवे प्रयोग फसतात, म्हणून यशाची शक्यता अपयशाहून जास्त आहे असे दाखवण्याची सक्ती नाही, अशा आशयाची भूमिका निकाल घेतो. मानवी चाचण्यांपर्यंत गेलेली बहुतेक औषधे मंजुरीपर्यंत पोचत नाहीत. अशा क्षेत्रात काम करणाऱ्याला सरकारी कागदात एवढी समज भेटावी, याचा मला मनापासून आनंद होतो.

पण समज म्हणजे ढिलाई नव्हे. अर्जदाराच्या बाजूने काय जड ठरले ते पाहा. सरकारी निधी मिळालेल्या अनेक प्रस्तावांची सुरुवात त्याने केली होती किंवा मुख्य संपर्क तोच होता, आणि बऱ्याच अनुदानांवर संशोधक म्हणून एकट्याचेच नाव होते. वैद्यकातल्या पोस्टडॉकची इथेच पंचाईत होते. मोठे अनुदान सहसा प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या नावे असते आणि शोधनिबंधात शेवटचे नावही बहुधा त्यांचेच. म्हणून के-९९ सारखे, नागरिक नसलेल्यांनाही खुले असलेले अनुदान स्वतःच्या नावावर असणे मोलाचे. ते नसेल तर शिफारसपत्रांनी ती उणीव भरून काढावी लागते. ‘अत्यंत हुशार, कष्टाळू’ अशा विशेषणांनी भरलेले पत्र वाया गेले समजा. कधीही सोबत काम न केलेल्या शास्त्रज्ञाने ‘हिची पद्धत आम्ही आमच्या चाचणीत वापरली, त्यामुळे अमुक बदलले’ असे लिहिले, तर त्या दोन ओळी उद्धरणांच्या मोठ्या आकड्याहून वजनदार ठरतात.

‘असाधारण क्षमते’ची ईबी-१ वाट याहून चढणीची. मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार नसेल, तर तिथे दहांपैकी किमान तीन निकष पुरे करून, आपण क्षेत्राच्या अगदी वरच्या मोजक्या लोकांत आहोत हे पटवावे लागते. त्या नियमाचे गद्य काटेकोर आहे, पण धनसारमधला समजूतदारपणा त्यात नाही.

मंजुरी मिळाली म्हणजे ग्रीन कार्ड मिळाले, असे मात्र नाही. एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची ईबी-२ रांग दशकाहून लांब आहे, आणि मंजुरीने त्या रांगेतली जागा तेवढी पक्की होते. घरात असा अर्ज लिहिणारे कोणी असेल, तर वकिलाकडे जाण्याआधी मूळ निकाल त्याला वाचायला द्या. तो दहा-अकरा पानांचाच आहे आणि अमेरिकी न्याय खात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो.