गारंबी, बनगरवाडी आणि बदलीचा हुकूम

गेल्या हिवाळ्यात आमच्या येथील महाराष्ट्र मंडळाच्या वाचक-मेळाव्यात ‘व्यक्ती आणि समाज’ असा विषय ठेवला होता. विषय जुनाच. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला तेव्हापासून मराठी माणूस ह्या प्रश्नावर भांडत आला आहे. आणि परमुलखात दोन मराठी माणसे भेटली की ते भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ह्या खेपेस चर्चा मोघम होऊ नये म्हणून चालकांनी दोन कादंबऱ्या नेमून दिल्या होत्या : श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५). पहिली व्यक्तीच्या बाजूची आणि दुसरी समाजाच्या बाजूची, अशी वाटणी आधीच होऊन गेली होती व वक्त्यांनीही ती निमूटपणे मान्य केली. चहा येईपर्यंत सारे सुरळीत चालले. मग टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध सभासद उठले व म्हणाले, “अहो, पण त्या मास्तरची शेवटी बदली होते. त्याचे काय?”

सभा हसली. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र दोन्ही पुस्तके पुन्हा वाचावीशी वाटली, आणि वाचल्यावर असे दिसले की ती वाटणी मुळातच चुकली होती. ज्याला आपण व्यक्तिवादी म्हणतो तो बापू गावाला घट्ट बांधलेला आहे; आणि ज्याला समष्टीत विरघळलेला समजतो तो बनगरवाडीचा मास्तर त्या दोघांत अधिक मोकळा आहे. त्याचे मोकळेपण हाच त्या कादंबरीतला खरा पेच आहे.

आधी बापूविषयी. विठोबा पाणक्याचा हा मुलगा. खोताच्या घरी पाणी भरणाऱ्याच्या पोटी जन्मलेल्याने मान खाली घालून वावरावे हा गारंबीचा नियम आणि तो न पाळणे हा बापूचा स्वभाव. अण्णा खोतांशी त्याचे वैर, हॉटेलवाल्या रावजीच्या राधेशी त्याने उघडपणे जोडलेले नाते आणि त्यापायी गावाने त्याच्याकडे फिरवलेली पाठ हे सर्व वाचकांस ठाऊकच आहे. ज्यांनी पुस्तक वाचले नाही त्यांनीही १९६५ पासून रंगभूमीवर डॉ. काशिनाथ घाणेकरांचा बापू पाहिला किंवा त्याविषयी ऐकलेले असते. बंडखोर म्हणून त्याची कीर्ती अशी पक्की झाली आहे की त्याने काय केले नाही, ह्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

बापूने गारंबी सोडली नाही. कोकणातल्या माणसाला गावचा जाच असह्य झाला की त्याला एक वाट नेहमीच खुली असे. हर्णैच्या बंदरावर मुंबईची आगबोट लागत असे, आणि गिरणीत, पेढीवर किंवा कचेरीत पोटापुरते काम मिळत असे. शेकडो जणांनी ती वाट धरली. स्वतः पेंडसेही मुर्डीचे. पण मुंबईत वाढले, बेस्टमध्ये नोकरी केली, आणि आयुष्यभर कोकणाविषयी लिहीत राहिले. ज्याला केवळ स्वतःपुरते जगायचे आहे त्याने आगबोट गाठावी. बापू तसे करीत नाही, कारण त्याला गारंबीतच, गारंबीच्याच डोळ्यांदेखत, ताठ उभे राहायचे आहे. ज्या गावाला तो धुडकावतो त्याच गावाचा कौल त्याला हवा आहे. ह्याला आम्ही व्यक्तिवाद म्हणणार नाही. हे गावाशी केलेले भांडण आहे; आणि असे भांडण आपल्या माणसांशीच होते.

येथे पेंडशांच्या कादंबरीचा एक दोषही सांगितला पाहिजे. सुपारीच्या व्यापारात बापूच्या हाती पैसा येतो, आणि पुढे गावाचे मन जे पालटते त्यात ह्या पैशाचा वाटा किती, हे लेखक तपासून पाहत नाही. बापूचे वागणे योग्य होते म्हणून गाव नमले, की बापू सधन झाला म्हणून? मुंबई प्रांतातली खोती १९४९ च्या कायद्याने संपली होती. कादंबरी आली तेव्हा खोताचे आसन कायद्याने डळमळलेलेच होते. अशा वेळी एका धन्याच्या जागी गावाने दुसरा धनी बसवला, एवढाच ह्या विजयाचा अर्थ उरण्याची भीती आहे. राधेला तर हाही विजय नाही. बापूला जिंकायला एक गाव तरी आहे. ती कोणत्या गावाची? व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न ह्या पुस्तकात खऱ्या अर्थाने विचारायचा झाला तर तो राधेच्या बाजूने विचारावा लागेल, आणि आमच्या मेळाव्यात तिचे नाव फक्त दोनदा निघाले.

आता बनगरवाडी. माणदेशातली मूठभर धनगरांची वस्ती, औंध संस्थानातली. माडगूळकर (१९२७–२००१) त्याच भागातले. त्यांचे माडगूळ औंध संस्थानातच होते. मिसरूड फुटण्याच्या वयाचा एक पोरगा मास्तर म्हणून तेथे नेमला जातो. तो येतो तेव्हा शाळा बंद आहे, आणि ती चालू करणे म्हणजे दार उघडून फळा पुसणे नव्हे. धनगराच्या घरी आठ वर्षांचे पोर हे कामाचे माणूस असते. ते शाळेत बसले तर कोकरांमागे कोण जाणार? म्हणून शाळेची पहिली लढाई मास्तर आणि अज्ञान यांच्यात होत नाही. ती शाळा आणि मेंढरू यांच्यात होते, व मेंढराची बाजू अगदीच खोटी नाही हे लेखक जाणतो. गावच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला वळवल्याखेरीज एकही पाटी आत येत नाही.

ह्या कादंबरीला नायक नाही, सारी वाडीच तिची नायक आहे, असे टीकाकार सांगत आले आहेत. हे म्हणणे अर्धे खरे आहे व म्हणूनच ते फसवते. त्यातून वाचकाच्या डोळ्यांपुढे असे चित्र उभे राहते की वाडीत सर्वांचे एक मन, एक सुखदुःख. वस्तुस्थिती तशी नाही. तेथे चोरीला आपला धंदा मानणारा आनंदा रामोशी आहे, मास्तरच्या वाईटावर असलेला दादू बालट्या आहे, मास्तरच्या पाठीमागे सावलीसारखा हिंडणारा आयबू आहे. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही.

शेकूचा प्रसंग पाहा. पेरणीच्या दिवसांत त्याला जोडीचा दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको जुवाखाली स्वतःचा खांदा देते. हा प्रसंग बाईच्या ताकदीचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जातो. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वाडी एकोप्याची खरी. तरीही त्या दिवशी शेकूला बैल का मिळू नये? उत्तर सोपे आहे. कोरडवाहू मुलखात पाऊस पडून जमिनीला वापसा आला की सर्वांच्या तिफणी एकाच वेळी रानात जातात. चार दिवस चुकले तर वर्ष चुकते. त्या चार दिवसांत कोणाचाच बैल मोकळा नसतो, म्हणून कोणीच कोणाला मदत करू शकत नाही. येथे कोणी दुष्ट नाही आणि आपमतलबीही नाही. समाजाची जबाबदारी नेमकी गरजेच्या दिवशीच कशी तोकडी पडते, हे माडगूळकरांनी एका जुवावर दाखवून दिले आहे. त्यावर ते एक शब्दाचेही भाष्य करीत नाहीत.

अंजीच्या चोळीची गोष्टही अशीच. कारभाऱ्याची ही मुलगी मास्तरला बाजाराहून चोळी शिवून आणायला सांगते. मास्तर गावाची कागदपत्रे लिहितो, बाजारातून कोणाकोणाच्या जिनसा आणतो. त्यातलेच हे एक काम, असे त्याला वाटते. कारभाऱ्याला तसे वाटत नाही. ज्या म्हाताऱ्याच्या शब्दावर शाळा उभी राहिली त्याच्याशीच दुरावा येतो. परक्या गावात सर्वांच्या उपयोगी पडणाऱ्या माणसाला एक गोष्ट उशिरा कळते : उपयोगी पडणे म्हणजे आपले होणे नव्हे. आमच्या वाचकांपैकी कितीजणांनी हा अनुभव दूरच्या एखाद्या तालुक्यात घेतला असेल, ते आम्ही मोजीत नाही.

मग तालीम. मास्तरच्या डोक्यातली ही कल्पना. अंगमेहनत साऱ्या वाडीची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, आणि १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देऊन टाकली, हा इतिहास आहे. अशा संस्थानात एका वाडीने स्वकष्टाने तालीम बांधावी व राजाने उद्घाटनास यावे, ह्यात नवल नाही. माडगूळकर ह्या समारंभाकडे प्रेमाने पण सावध नजरेने पाहतात. कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९५८ साली ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ ह्या नावाने निघाले; भिंती नसलेले गाव, असा त्याचा अर्थ. नाव सुंदर आहे, तरी आम्हांस ते थोडे खटकते. भिंत नसलेल्या त्या गावाने एक इमारत मात्र भिंती घालून उभी केली, आणि ती एका परगावच्या पोराच्या सांगण्यावरून.

पुढे अवर्षण येते. मेंढरे मरतात, कुटुंबामागून कुटुंब जगायला बाहेर पडते. वाडी ओस होते, शाळेत मूल उरत नाही, आणि मास्तरही निघून जातो. निवृत्त टपालबाबूंचा प्रश्न आम्हांस येथे पुन्हा आठवला. कोणी कोणाला सोडले? हिशेबाने पाहिले तर वाडी आधी गेली, मास्तर मागून. त्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही. तरीही दोघांच्या जाण्यात फार मोठे अंतर आहे. धनगर गेला तो पाऊस नाही म्हणून. आणि पाऊस पडला तर तो परतेल, कारण त्याचे रान तेथे आहे. मास्तर गेला तो हुकमाने, आणि पाऊस पडला तरी तो परतणार नाही. त्याचा पगार आभाळाकडे पाहत नाही. ज्या संकटात सारी वाडी सापडली त्याच्या कडेला तो उभा होता, आत नव्हता.

कादंबरीने हे अंतर पूर्ण उघड करायला हवे होते असे आमचे मत आहे. माडगूळकरांचा संयम सर्वत्र गुणकारी ठरला आहे. शेवटच्या प्रकरणात मात्र तो आम्हांस पुरेसा वाटत नाही. निवेदक ‘मी’ आहे. त्या ‘मी’ने वाडीचे सारे काही पाहिले, ऐकले, लिहून ठेवले, पण ठरलेल्या पगाराचा माणूस उपाशी गावात राहतो तेव्हा त्याच्या मनाचे काय होते, हे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळत नाही. दुष्काळाचे वर्णन थोर आहे. ते करणाऱ्याची स्थिती अंधारात राहते. ह्यावर कोणी म्हणेल की न बोलणे हीच कला. असेल, परंतु जो माणूस पुस्तकभर सर्वांविषयी बोलला त्याने नेमके स्वतःविषयी गप्प बसावे, ही आम्हांस कलेपेक्षा भिडस्तपणाची खूण वाटते.

मेळाव्यात एक तरुण सभासद, हल्लीच येथे बदलून आलेले, म्हणाले की बदलीच्या माणसाने गावाशी बांधून घेऊच नये; काम चोख करावे, निघून जावे, आणि जबाबदारी म्हणायची ती एवढीच. हे मत टाकाऊ नाही. बांधून घेणारा अधिकारी कधीकधी गावाच्या एका तटाचाच होऊन बसतो, हे आम्ही पाहिले आहे. पण ह्या नियमाने बनगरवाडीच्या मास्तरने काय करायला हवे होते? पटावर मुले नाहीत असा अहवाल पहिल्याच महिन्यात वर पाठवायचा, आणि सुटायचे. नियमाच्या दृष्टीने त्यात खोट काढता आली नसती. त्याने तसे केले नाही. तो कारभाऱ्याच्या पाया पडला नाही आणि त्याच्यावर हुकूमही चालवला नाही. लोकांची पत्रे लिहीत, त्यांचे बाजारहाट करीत तेथे राहिला. हे कोणी त्याला सांगितले नव्हते. बापूला गारंबीपासून सुटता आले नाही. मास्तरला बनगरवाडीपासून केव्हाही सुटता येत होते, आणि ते माहीत असूनही त्याने तालमीचा पाया खणवला. आमच्या मते ह्या दोन पुस्तकांची तुलना करायचीच तर ती येथून करावी.

ह्या जोडीला तिसरे पुस्तक हवे होते असे आता वाटते : भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३). तिचा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याच्या कॉलेजात येतो, वडिलांचा पैसा उडवतो, आणि आपले कोणाशीच काही देणे नाही अशा सुरात बोलतो. पण ह्याच मुलाने वसतिगृहाच्या मेसचे सेक्रेटरीपद अंगावर घेतले होते, आणि ते त्याच्या चांगलेच अंगाशी आले. सर्वांनी जेवायचे आणि हिशेब एकाने द्यायचा, हा धडा त्याला समाजशास्त्राच्या पुस्तकातून मिळाला नव्हता. त्याच्या पुढच्या अलिप्तपणाची वाट ह्या मेसमधून किती जाते, ते तपासण्यासारखे आहे.

पुढच्या मेळाव्यास ‘कोसला’ घ्यावी असे ठरले आहे. मेसच्या प्रकरणावर बोलण्याचे काम आमच्याकडे आले आहे, आणि राधेवर बोलायला एक भगिनी तयार झाल्या आहेत. तो विषय मागील सभेचा उरलेला म्हणून आधी घेतला जाईल.