घरसजावटीच्या अडचणी आणि एआय : वापरकर्ता-संशोधनाच्या एका पद्धतीची चिकित्सा

एखादे ॲप, वस्तू किंवा सेवा ज्यांच्यासाठी बनवायची, त्यांची गरज आणि अडचण आधी समजून घेणे म्हणजे वापरकर्ता-संशोधन. हे काम एआयकडून करून घेण्याकडे आता कल वाढला आहे. चॅटबॉटला सांगायचे, ‘तू भाड्याच्या घरात राहणारी पस्तीस वर्षांची गृहिणी आहेस’, आणि मग त्या पात्राचीच मुलाखत घ्यायची. अशा पात्राला ‘कृत्रिम वापरकर्ता’ म्हणतात. या टिपणात घरसजावटीतील अडचणींचे उदाहरण घेऊन आपण या पद्धतीची चिकित्सा करू. ती कुठे उपयोगी पडते, कुठे फसवते आणि फसगत ओळखायची कशी, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

१. दोन अहवाल

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी एक प्रकल्प दिला होता : भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना सजावटीसाठी मदत करणारे ॲप. एका गटाने चॅटबॉटकडून बारा कृत्रिम वापरकर्ते तयार करून घेतले आणि सगळ्यांच्या मुलाखती एका संध्याकाळी आटोपल्या. अहवाल देखणा होता. त्यात तक्ते होते, रंगीत आलेख होते, प्रत्येक पात्राचे नाव, वय, उत्पन्न आणि त्याच्या तोंडची वाक्ये होती. दुसरा गट कॉलेजच्या आसपासच्या सात घरांत जाऊन आला. त्यांचा अहवाल विस्कळीत होता. हाताने काढलेले खोल्यांचे नकाशे, अर्धवट वाक्ये, एकमेकांशी न जुळणारी निरीक्षणे. मी पहिल्या गटाला जास्त गुण दिले.

माझी चूक तोंडी परीक्षेत माझ्या लक्षात आली. दुसऱ्या गटातल्या मुलीने एका घरातले संभाषण सांगितले. तिने विचारले होते, “काकू, घर सजवताना काय अडचण येते?” उत्तर आले, “अडचण कसली? आहे ते बरं आहे.” मुलगी निघणार होती, तेवढ्यात तिचे लक्ष भिंतीकडे गेले. “काकू, हे कॅलेंडर इतकं खाली का लावलंय?” त्यावर काकू म्हणाल्या, “त्याच्यामागे ओल आलीय. पोपडे दिसू नयेत म्हणून. मालकांना तीनदा सांगून झालं.” पुढे कळले की खिळा ठोकायलाही मालकांची मनाई आहे, म्हणून कॅलेंडर जुन्याच खिळ्याला दोरी बांधून खाली सोडले आहे. सोफ्याने अर्धी खिडकी अडवली होती, कारण टीव्हीचा प्लग समोरच्या एकाच भिंतीवर होता.

आता पहिल्या गटाची अडचणींची यादी पाहा : बजेट कमी, जागा लहान, वेळ नाही, रंगसंगतीबाबत गोंधळ. यातले काहीही खोटे नाही. पण ही यादी मी खुर्चीतून न उठता लिहू शकलो असतो. तिच्यावरून बनणारे ॲप काकूंना भिंतीवर तसबिरी लावायला सांगेल. काकूंची अडचण मुळात परवानगीची आहे. भिंत त्यांची नाही, दुरुस्तीचा निर्णय त्यांचा नाही, आणि घर सोडताना डिपॉझिट परत मिळेल की नाही याची धास्ती आहे. हे एकदा कळले की आराखडाच बदलतो : खिळ्याशिवाय उभी राहणारी, पुढच्या घरी नेता येणारी सजावट, किंवा मालकांकडे दुरुस्तीची मागणी कशी करावी याची मदत.

२. सरासरी उत्तर येते कुठून?

भाषा-प्रारूप प्रचंड मजकुरावर तयार होते आणि दिलेल्या संदर्भात पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता आहे, याचा अंदाज बांधत वाक्य रचते. त्यामुळे घरसजावटीबद्दल जे लिहिले गेले आहे, त्याची छाया उत्तरावर पडते. घरसजावटीबद्दल लिहितो कोण? मुख्यतः मासिके, विक्रेते, हौशी घरमालक. ओल झाकण्यासाठी कॅलेंडर खाली सोडणारी बाई त्यावर लेख लिहीत नाही.

पहिल्या गटाच्या अहवालातल्या एका पात्राचे वाक्य होते, ‘मला माझे घर उबदार वाटायला हवे.’ हे पात्र सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीखाली राहणारे होते. मे महिन्यात अशा घरात कोणाला ऊब हवी असते? थंड हवामानाच्या देशांत घराची स्तुती ‘उबदार’ म्हणून होते. तो शब्द मराठी पोशाख घालून आपल्या अहवालात आला, आणि आम्हा कोणालाच तो खटकला नाही. वाक्य व्याकरणशुद्ध होते, ऐकायला बरे होते, म्हणून निसटले.

कृत्रिम वापरकर्त्याचे उत्तर उघडपणे चुकीचे असते, तर आपण लगेच सावध झालो असतो. ते पटण्याजोगे असते, खरा धोका तिथे आहे. संशोधनाचा अर्थ, आपला समज चुकीचा ठरू शकेल अशी सोय करून ठेवणे. काकूंनी ती सोय पुरवली. बारा पात्रांपैकी एकानेही पुरवली नाही, कारण प्रत्येक पात्र गटाने लिहिलेल्या प्रॉम्प्टमधून आले होते. गटाला जे आधीच ठाऊक होते, तेच नीटनेटके होऊन परत आले.

३. दुसरी बाजू

चिकित्सा करताना विरोधी पुरावा टाळायचा नसतो. २०२३ मध्ये अर्गाइल आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमेरिकी सर्वेक्षणांत भाग घेतलेल्या लोकांची सामाजिक पार्श्वभूमी त्यांनी जीपीटी-३ या प्रारूपाला दिली आणि आलेल्या उत्तरांची खऱ्या उत्तरांशी तुलना केली. राजकीय मतांच्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी चांगला मेळ बसला. म्हणजे ही कल्पना निराधार नाही.

त्याच वर्षी संतूरकर आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने तपासणी केली : भाषा-प्रारूपांची मते नेमकी कोणाची? अमेरिकी लोकसमूहांशी तुलना करता त्यांना बरीच तफावत आढळली. पासष्टीच्या पुढचे लोक, तसेच विधवा-विधुर, यांची मते प्रारूपांत नीट उमटत नव्हती.

या दोन्ही अभ्यासांबाबत दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, दोन्ही अमेरिकेतील माहितीवर आधारलेले आहेत. आपल्या देशातील भाड्याच्या घरांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दोन, दोन्ही ठिकाणी प्रश्न मतांचे होते. घरातली अडचण हे बहुधा मत नसते. ती कॅलेंडरच्या उंचीत असते, सोफ्याच्या जागेत असते, आणि पुष्कळदा सांगणाऱ्याला ती अडचण वाटतही नाही.

४. घरात गेल्याने काय मिळते?

ह्यू बायर आणि कॅरन होल्ट्झब्लाट यांनी १९९० च्या दशकात संदर्भाधिष्ठित चौकशीची पद्धत मांडली. तिच्यात संशोधकाने शिकाऊ व्हायचे आणि वापरकर्त्याला उस्ताद मानायचे. काम जिथे चालते तिथे जायचे, बघायचे, मध्येच विचारायचे. घरसजावटीत ‘कामाची जागा’ म्हणजे प्रत्यक्ष घर.

भारतातले एक परिचित उदाहरण आयकिया कंपनीचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला देशातले पहिले दुकान उघडण्यापूर्वी कंपनीच्या लोकांनी सुमारे १,००० घरांना भेटी दिल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची लक्षात घेऊन काही कपाटे आणि ओटे खाली घेण्यासारखे बदल त्यातून पुढे आले. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईचा हात कुठवर पोचतो, हे जाऊन पाहण्याला दुसरा तितका चांगला पर्याय नाही.

मात्र घरभेटीही निर्दोष नसतात. पाहुणे येणार म्हणून घर आवरले जाते. सासूबाई समोर असताना सून वेगळे बोलते. ज्या घरांत ओळख आहे तिथेच आपण जातो. आणि सात घरांवरून टक्केवारी काढता येत नाही. दुसऱ्या गटाने ‘७१ टक्के लोकांना खिळ्याची अडचण’ असे लिहिले असते, तर मी त्यांचेही गुण कापले असते.

५. एआयला कुठे बसवावे?

नियम सोपा ठेवू : एआयला अशा जागी बसवा, जिथे खरा माणूस त्याला ‘हे चूक आहे’ असे म्हणू शकेल.

(अ) भेटीपूर्वी. प्रश्नावली चॅटबॉटला दाखवा आणि उत्तर सुचवणारे प्रश्न शोधायला सांगा. ‘तुम्हाला भिंती रिकाम्या वाटतात ना?’ असा प्रश्न तो पकडतो. कृत्रिम वापरकर्त्यावर मुलाखतीचा सरावही करा, पण ती उत्तरे सरावानंतर बाजूला ठेवा. अहवालात त्यांना जागा नाही.

(आ) भेटीत. एआयने त्या खोलीचे नवे रूप दाखवणारे चित्र तयार करून घरच्यांसमोर ठेवता येते. ते चुकणारच, आणि तोच त्याचा उपयोग. “अहो, इथलं देवघर कुठे गेलं?” असे कोणी म्हणाले की खरी मुलाखत सुरू झाली. ‘काय अडचण आहे?’ या प्रश्नाला न मिळालेले उत्तर चुकीचे चित्र पाहून मिळते.

(इ) भेटीनंतर. ध्वनिमुद्रणाचे लेखन एआयकडून करून घेतल्यास वेळ वाचतो. पण व्हिस्पर या प्रणालीवरील २०२४ च्या एका अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिखंडांत, कोणीही न बोललेली आख्खी वाक्ये किंवा वाक्यांश आढळले. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण ऐकत लेखन तपासा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या घरांत तर हे अधिकच गरजेचे. ‘मालकांना सांगून झालं’ याआधीचा थांबा लेखनात येत नाही, तो कानांनी टिपावा लागतो.

(ई) वर्गीकरण करताना. निरीक्षणांचे गट पाडायला एआयची मदत घ्या, पण त्याच्या सारांशावर थांबू नका. वारंवार आलेली गोष्ट सारांशात वर येते, एकदाच आलेली बुडते. ओलीचा उल्लेख सातपैकी एकाच घरात झाला होता. प्रत्येक निष्कर्षासमोर मूळ वाक्य आणि घराचा क्रमांक लिहायची सवय लावा.

(उ) संमती. खोलीच्या छायाचित्रात मुलांचे चेहरे, औषधे, भिंतीवरची प्रमाणपत्रे असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. पण कायदा नसता तरी, ज्यांनी चहा देऊन घरात घेतले त्यांच्या घराचा फोटो न विचारता एखाद्या संकेतस्थळावर चढवणे गैरच.

६. समारोप

पहिल्या गटाची मुले आळशी नव्हती. माझ्या गुणतक्त्यात मांडणीला वीस गुण होते आणि ‘तुमचा कोणता समज चुकीचा ठरला?’ याला शून्य. जे मोजले जाते तेच विद्यार्थी करतात. आता तो प्रश्न माझ्या गुणतक्त्यात पहिला आहे आणि त्याचे उत्तर कोरे असेल, तर अहवाल कितीही देखणा असो, तो परत जातो. एआय वापरल्याबद्दल मी कोणाचे गुण कापत नाही. तो कुठे वापरला आणि त्याचे म्हणणे कोणाकडून तपासून घेतले, एवढे लिहिलेले असावे.

स्वाध्याय

१. तुमच्या वसतिगृहाच्या खोलीची सजावट करताना येणाऱ्या पाच अडचणी चॅटबॉटला विचारा. मग खोली नीट पाहून स्वतः पाच लिहा. चॅटबॉटच्या यादीत नसलेली प्रत्येक अडचण त्याला का सुचली नसेल, ते दोन वाक्यांत सांगा.

२. ओळखीच्या एका भाड्याच्या घरात, संमती घेऊन, अर्धा तास बसा. ‘अडचण’ हा शब्द न वापरता एक अडचण शोधून काढा.

३. या टिपणातल्या काकूंच्या घरासाठी, भिंतीला हात न लावता करता येईल अशी एक योजना सुचवा. ती प्रत्यक्षात का फसू शकेल, याचे एक कारणही लिहा.