कॅमेरा कोठे उभा आहे?

कोल्हापुरात सिनेमाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला बाबूराव पेंटर यांचे नाव अभिमानाने सांगितले जाते. ते योग्यच आहे. त्यांनी कॅमेरा इथेच घडवला आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’मधून कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. परंतु गावकुसाबाहेरच्या माणसाची स्वतःची नजर मराठी पडद्याला लाभण्यास आणखी फार काळ जावा लागला.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) कैकाडी जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते आणि गाव ती करमणूक म्हणून पाहते. शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. तोवर प्रेक्षकही बघ्यांच्याच रांगेत बसला होता, हे तो एक दगड उघड करतो. चित्रभाषा म्हणतात ती ही!

आज मोबाईल आपल्या पोरांच्याही हाती आला आहे. पण साधन मिळाले म्हणजे नजर मिळाली असे नव्हे. अत्याचाराची चित्रफीत लाईक्ससाठी फिरवणारा आणि जब्याला हसणारा, यांत फरक तो कोणता? लेन्सचा विचार नंतर. कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे, हे विद्यार्थ्याने आधी ठरवले पाहिजे.