वेदनेचे दान आणि मज्जातंतूंचे मौन : पॉल ब्रँड यांच्या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना

कुष्ठरोगाविषयीचे जे चित्र समाजमनात रुजले आहे, ते प्रामुख्याने त्वचेचे आणि मांसाचे आहे. ‘बोटे झडतात’ हा वाक्प्रयोग त्या चित्राचा गाभा होय. ‘महारोग’, ‘रक्तपिती’ या जुन्या संज्ञांनीही रोग्याचे शरीर आतून नासत जाते, हाच समज दृढ केला. वस्तुतः परिणामांच्या दृष्टीने पाहता कुष्ठरोग हा त्वचेपेक्षाही परिघीय मज्जातंतूंचा रोग आहे. ही जाणीव सामान्य वाचकापर्यंत पोहोचविणाऱ्या ग्रंथांत शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी फिलिप यान्सी यांच्या सहकार्याने लिहिलेल्या ‘पेन : द गिफ्ट नोबडी वॉण्ट्स’ (१९९३) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. पुढे तो ‘द गिफ्ट ऑफ पेन’ या नावानेही प्रसिद्ध झाला. या ग्रंथाने कोणता गैरसमज दूर केला आणि त्याच्या मध्यवर्ती रूपकाने कोणती बाजू झाकून ठेवली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाचे स्वरूप

ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूतील कोल्ली डोंगरांत, मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. १९६६ नंतर त्यांनी अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात काम केले. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ आत्मकथनाच्या अंगाने जातो. परंतु तो रूढ अर्थाने आत्मचरित्र नाही. वेदना म्हणजे काय, या एकाच प्रश्नाभोवती लेखकाने आपल्या आयुष्यातील अनुभवांची मांडणी केली आहे. त्यामुळे प्रसंग हे येथे केवळ आठवणी राहत नाहीत, तर पुराव्याचे कार्य करतात.

या मांडणीतील निर्णायक प्रसंग चिंगलपेट येथील कुष्ठरुग्णालयातील आहे. बोटे आत वळलेल्या एका तरुणाच्या हातात हात देताच ब्रँड यांना त्या पकडीतील विलक्षण जोर जाणवतो. हात निकामी दिसतो, पण त्यातील काही स्नायू पूर्ण सशक्त आहेत, हे त्यांच्या लक्षात येते. याच निरीक्षणातून सुस्थित स्नायूंचे कंडरे दुसरीकडे जोडून वाकलेली बोटे सरळ करणारी शस्त्रक्रिया कुष्ठरुग्णांसाठी विकसित झाली.

‘झडणे’ या कल्पनेचे खंडन

ग्रंथाचे सर्वांत मोठे योगदान म्हणजे ‘झडणे’ या कल्पनेचे पद्धतशीर खंडन होय. बोटे आपोआप गळून पडत असतील, तर ती कधी आणि कशी गळतात, हा साधा प्रश्न ब्रँड विचारतात. रुग्णांच्या दिनक्रमाचे बारकाईने निरीक्षण केल्यावर प्रत्येक जखमेला स्वतंत्र कारण असल्याचे दिसून येते. कोणी विस्तवात पडलेली वस्तू हाताने उचलतो, कोणी गंजलेल्या कुलुपात किल्ली फिरवताना बोट हाडापर्यंत कापून घेतो, तर कोणाचे बोट झोपेत उंदीर कुरतडतात. यांपैकी कशाचीही जाणीव रुग्णाला होत नाही. मांसात मूलतः दोष नसतो. योग्य विश्रांती व संरक्षण मिळाल्यास जखम इतरांप्रमाणेच भरून येते. हरवलेली असते ती केवळ धोक्याची सूचना.

या खंडनाला शरीररचनेचा भक्कम आधार आहे. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या आतील तापमानापेक्षा काहीशा कमी तापमानात वाढतो. त्यामुळे त्वचेलगत असणारे मज्जातंतू त्याचे भक्ष्य ठरतात. कोपराजवळचा मज्जातंतू बाधित झाला की करंगळी व अनामिका वाकतात. गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा बाधित झाला की पाऊल लुळे पडते. घोट्याजवळचा बाधित झाला की तळपाय बधिर होतो. डोळ्याची उघडझाप व बुबुळाची संवेदना गेली तर अंधत्वाचा धोका संभवतो. विकृतीचा हा नकाशा मज्जातंतूंच्या मार्गाशी जुळतो, मांस कुजण्याच्या कल्पनेशी नव्हे.

शस्त्रक्रियेने सरळ झालेला हात अधिक वापरला जातो आणि म्हणूनच त्याला अधिक जखमा होतात, ही विसंगती ब्रँड प्रांजळपणे नोंदवितात. हालचाल परत आली तरी संवेदना परत येत नाही, हे सत्य त्यातून अधोरेखित होते. कृत्रिम वेदनाप्रणालीच्या प्रयोगाची कथा या दृष्टीने ग्रंथाचा उत्कर्षबिंदू ठरते. हातमोज्यात संवेदक बसवून धोक्याचा इशारा देण्याची योजना होती. ध्वनीच्या इशाऱ्याकडे रुग्ण दुर्लक्ष करीत. विजेचा सौम्य धक्का दिला तर धोक्याचे काम करण्यापूर्वी यंत्रणा बंद करून ठेवीत. इच्छेनुसार बंद करता येणारी वेदना संरक्षण करू शकत नाही, हा या अपयशाचा निष्कर्ष होय. अपयशातून सिद्धांत उभारण्याची ही रीत शास्त्रीय लेखनाचा उत्तम नमुना मानावी लागेल.

‘दान’ या रूपकाची मर्यादा

तथापि, ज्या रूपकावर ग्रंथ उभा आहे ते रूपक तपासून घेणे आवश्यक ठरते. वेदनेला ‘दान’ म्हटले की वेदनेचा अभाव हीच आपत्ती, असे समीकरण तयार होते. कुष्ठरोगातील मज्जातंतू मात्र केवळ मूक होत नाहीत. मूक होण्यापूर्वी, आणि काही वेळा नंतरही, ते आक्रोश करतात. रोगप्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रियेत मज्जातंतूला अकस्मात सूज येते आणि रुग्णाला तीव्र वेदना होतात. जंतूविरोधी उपचार पूर्ण झाल्यावरही काहींना मज्जातंतुजन्य वेदना दीर्घकाळ छळते. त्याच हाताला विस्तवाचा चटका कळत नाही आणि तोच हात रात्रभर ठणकत राहतो. अशा रुग्णाच्या दृष्टीने वेदना हे दान नसते. ग्रंथाचा भर वेदनाहीनतेवर असल्याने कुष्ठरोग म्हणजे वेदनाहीन रोग, असा ठसा वाचकाच्या मनावर उमटतो. हा ठसा निरुपद्रवी नाही. कारण दुखरा मज्जातंतू ही उपचाराची निकड सांगणारी खूण असते.

दुसरी मर्यादा दृष्टिकोनाची आहे. वेदनेचे कार्य आता दक्षतेने करावे, असे ग्रंथ सुचवितो. निजताना, स्वयंपाक करताना, चालताना रुग्णाने स्वतःच्या अवयवांवर नजर ठेवावी, ही सूचना वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. परंतु अनवाणी शेतमजुरी करणाऱ्याला किंवा चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीला ती दक्षता कितपत परवडते, हा प्रश्न ग्रंथात दुय्यम राहतो. रुग्ण बहुधा वैद्याच्या नजरेतून दिसतात आणि वैद्याच्या सिद्धांताचे साक्षीदार होऊन येतात.

पुनर्निर्मितीचा प्रश्न

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर या विषयाच्या आकलनात मोलाची भर पडली आहे. मेंदू व मज्जारज्जू यांच्या तुलनेत परिघीय मज्जातंतूंमध्ये पुन्हा वाढण्याची क्षमता अधिक असते. अनुकूल स्थितीत तुटलेला तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढू शकतो. या वाढीला वाट दाखवितात त्या तंतूंभोवतीच्या श्वॉन पेशी. कुष्ठरोगाची शोकांतिका अशी की, जंतू नेमका याच पेशींत आश्रय घेतो. या पेशींना तो कसा चिकटतो, याची रेणवीय यंत्रणा अनुरा रंबुक्कना व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७-९८ मध्ये उलगडली. झेब्रा माशांवरील २०१७ च्या संशोधनाने शरीराच्या रक्षक महाभक्षी पेशीच मज्जातंतूंच्या आवरणाला इजा करू शकतात, हे दाखविले. सूज टिकून राहिली की तंतूंच्या जागी चिवट तंतुमय ऊती तयार होते आणि पुनर्वाढीची वाटच बुजते.

म्हणून वेळेला निर्णायक महत्त्व प्राप्त होते. मज्जातंतूचे कार्य बिघडून सहा महिने उलटण्यापूर्वी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड वैद्यकीय देखरेखीखाली सुरू झाल्यास सुधारणेची शक्यता अधिक असते. हे औषध नवा तंतू निर्माण करीत नाही. सूज उतरवून उरलेल्या तंतूंना संधी देते. ब्रँड यांचा ग्रंथ ही संधी निसटल्यानंतरच्या जगाचे दर्शन घडवितो. त्या जगाची त्याची मांडणी अजोड आहे. परंतु तीच रोगाची संपूर्ण कथा मानणे योग्य होणार नाही.

मराठी संदर्भ

महाराष्ट्रातील कुष्ठसेवेची परंपरा समृद्ध आहे. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही नावे त्याची साक्ष देतात. बाबा आमटे यांचे ‘ज्वाला आणि फुले’ किंवा साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’ यांसारख्या लेखनातून बहिष्कृत माणसाची प्रतिष्ठा आणि सेवेचे, श्रमाचे मोल मराठी वाचकाला उमगले. या परंपरेला ब्रँड यांचा ग्रंथ एक पूरक प्रश्न विचारतो : श्रम करणाऱ्या हाताला अवजाराचा दाब जाणवत नसेल तर काय? श्रमाने आत्मसन्मान मिळतो हे खरेच. पण बधिर हाताला काम देताना अवजाराची मूठ जाड व मऊ करणे हाही त्या सन्मानाचाच भाग ठरतो.

मराठीतील ‘वेदना’ हा शब्दही येथे विचारात घेण्याजोगा आहे. ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून तो आला आहे. ‘संवेदना’ही त्याच कुळातील. दुखणे आणि जाणणे यांचे नाते या शब्दाने जपले आहे. ‘दान’ या रूपकापेक्षा ‘जाणीव’ हा अर्थ कुष्ठरोगाला अधिक न्याय देतो. चटका न कळणे हा जाणिवेचा लोप, तर कारण नसता ठणकणे ही जाणिवेची विकृती. दोन्ही अवस्था या एका शब्दात सामावतात.

समारोप

जागतिक आरोग्य परिषदेने १९९१ मध्ये कुष्ठरोग निर्मूलनाचे लक्ष्य दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण असे निश्चित केले. भारताने राष्ट्रीय पातळीवर ते २००५ च्या अखेरीस गाठले. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच आढळतात. बहुविध औषधोपचार ठरलेल्या मुदतीत पूर्ण होताच रुग्णाचे नाव उपचारनोंदीतून वगळले जाते. त्याच्या तळपायाची बधिरता मात्र त्या हिशेबात येत नाही. जंतू मरणे आणि माणूस बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव ब्रँड यांच्या ग्रंथाने प्रभावीपणे दिली. त्याच्या रूपकाची मर्यादा मान्य करूनही हे श्रेय अबाधित राहते. अध्यापन करताना ‘बोटे झडतात’ या वाक्याच्या जागी ‘बोटांना कळत नाही’ हे वाक्य रुजविता आले, तर विद्यार्थी फिकट, बधिर चट्ट्याकडे किंवा हातापायांच्या मुंग्यांकडे भीतीने नव्हे, तर वेळेच्या भानाने पाहू लागतील. मज्जातंतू वाचविण्याचा काळ मोजका असतो. तो ओळखता येणे हेच या ग्रंथाच्या वाचनाचे खरे फलित होय.