‘नोवाक’ आडनांवाची व्युत्पत्ति व विस्तार

मध्य युरोपांतील ‘नोवाक’ हें आडनांव संस्कृत ‘नवक’ शब्दापासून निघालें, आणि ज्या अर्थीं इतकीं कुळें तें धारण करितात त्या अर्थीं तीं एकाच मूळ पुरुषाचीं असलीं पाहिजेत, अशीं दोन विधानें अधूनमधून कानांवर येतात. पहिल्यांत अर्धें सत्य आहे. दुसऱ्यांत तेंही नाहीं. वंशावळींचा संग्रह करणारांस दोहोंपासून सारखाच अपाय असल्यामुळें त्यांचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

स्लाव भाषांतील ‘नोव्’, लॅटिन ‘नोवुस्’, ग्रीक ‘नेओस्’ व संस्कृत ‘नव’ हीं एकाच मूळ शब्दाचीं रूपें होत, हें निर्विवाद आहे. परंतु त्या मूळ शब्दाचा आद्य स्वर ‘ए’ होता. तो ग्रीकांत टिकला, संस्कृतांत त्याचा ‘अ’ झाला आणि स्लाव भाषांत पुढील वकारामुळें ‘ओ’ झाला. संस्कृतांतील ‘अ’पासून ग्रीकांतील ‘ए’ निष्पन्न करितां येत नाहीं. म्हणून संस्कृत ही येथें भगिनी आहे, जननी नव्हे. संस्कृताच्या अध्यापनांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हें लिहितांना फारसा आनंद होतो असें नाहीं, पण इलाज नाहीं. ‘आक’ हा विशेषणापासून व्यक्तिवाचक नाम करणारा स्लाव प्रत्यय असून ‘नोवाक’ शब्द त्या भाषांतच घडला.

त्याचा अर्थ नवखा. म्हणजे गांवांत नवा वसलेला अथवा धंद्यांत नवा शिरलेला मनुष्य. असा नवखा प्रत्येक गांवीं असणारच. बोहेमियांत त्रिंशद्वर्षीय युद्धांत (१६१८–१६४८) असंख्य शेतें ओस पडलीं व त्यांवर नवे कुणबी बसले. १६५४ च्या ‘बेर्नी रूला’ नामक करनोंदींत ओसाड जमिनी व नव्यानें वसलेले शेतकरी हे दोन्ही नोंदलेले आहेत. शिवाय त्या देशांत जुन्या घरांत जो राहावयास येई त्यास पुष्कळदां त्या घराचेंच नांव लागे. दुसऱ्या जोसेफाच्या कारकीर्दींत (१७८०–१७९०) आडनांव कायद्यानें स्थिर होईपर्यंत हा प्रघात मोकळेपणें चालू होता. तेव्हां एकाच गांवांतले, एकाच घरांतले दोन नोवाक देखील रक्तानें परस्परांचे कोणी नसतील! आपल्याकडील कुळकर्णी वतनावरून झाले, वंशावरून नव्हे, हें जाणणारास यांत नवल वाटूं नये.

सर्बियांत तर ‘नोवाक’ हें व्यक्तिनाम आहे. १६०१ सालीं क्लुज येथें मारला गेलेला हायदूक स्तारिना नोवाक प्रसिद्धच आहे. तेथील ‘नोवाकोविच’ म्हणजे नोवाकाचा वंशज. दुशानाच्या धर्मशास्त्राचे संपादक स्तोयान नोवाकोविच (१८४२–१९१५) यांचें आडनांव या जातीचें. त्यांत नवखेपणाचा शोध करणें व्यर्थ होय.

आतां संख्या. पोलंडांत हें आडनांव पहिल्या क्रमांकाचें असून तें धारण करणारे सुमारें २ लक्ष आहेत. स्लोव्हेनियांतही तेंच पहिलें, तेथें सुमारें ११ हजार. चेक देशांतील आंकडे मात्र जपून वाचावे लागतात. पुरुष ‘नोवाक’ व स्त्री ‘नोवाकोवा’ अशीं दोन रूपें याद्यांत निरनिराळीं येतात. प्रत्येक सुमारें ३५ हजार. पोलिश आडनांवास दोघांसही एकच रूप चालतें. केवळ ‘नोवाक’ मोजून दोन्ही देशांची तुलना करणारा निम्म्या चेक लोकांस गाळतो. १ जानेवारी २०२२ पासून चेक स्त्रियांस ‘ओवा’रहित रूप घेण्याची मोकळीक मिळाली असल्यानें यापुढें तर स्त्रीपुरुषांची ही विभागणीही केवळ रूपावरून करितां येणार नाहीं.